तेरा घोडे काढून दहा घोडे

मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी झाशीला गेलो तेव्हा काकांच्या वखारीत एका इंजिनाची बदली व्हायची होती. बदली म्हटली की आपल्याला वाटते, एक साहेब जातो, दुसरा येतो; खोली तीच, खुर्ची तीच, दारावरची पाटी तेवढी नवी. इथे येणारा साहेब जाणाऱ्याच्या सहापट जड होता. त्याला ती खुर्ची पेलेल का, एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर काढायला जवळजवळ तीन आठवडे लागले.

आधी एक खुलासा. दर वर्षी नवे कॅडेट मला विचारतात, झाशीत मराठी माणूस कसा? पेशव्यांच्या काळात आधी नारोशंकर आणि पुढे नेवाळकर झाशीचे सुभेदार झाले. त्यांच्याबरोबर कारकून, पुजारी, सावकार, शिपाई, आचारी अशी सगळीच मंडळी दक्षिणेतून आली. १८५८ मध्ये राज्य गेले, पण सगळी घरे गेली नाहीत. आमचे घर जुन्या शहरात, बडा बाजारात आहे. राणी महाल तिथून पायी जाण्यासारखा. घरात मराठी, गल्लीत बुंदेली आणि दुकानात हिंदी अशी आमची तीन भाषांची कवायत रोज चालते.

वखार मात्र बडा बाजारात नाही. तिथल्या गल्लीत ओंडका वळणारच नाही. ती परकोटाबाहेर आहे. आत एक मोठी, जमिनीत पाया घालून बसवलेली आरा मशीन आहे आणि दुसरी लहान, चाकांवरची. दोन्हींची नोंद परवान्याच्या कागदात आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आपल्या देशात लाकूड कापायचे यंत्र ही मनाला येईल तिथे उभी करायची वस्तू राहिलेली नाही. काका लहान मशीनही आवाराबाहेर नेत नाहीत. मग चाके कशाला? तर मोठा ओंडका मशीनपर्यंत नेण्यापेक्षा मशीन ओंडक्यापर्यंत नेणे सोपे, म्हणून. शिसव, कडुनिंब, बाभूळ, निलगिरी, शेताच्या बांधावरचे जे काही परवानगीने तुटते ते तिथे येते. झाशीत शेतीबरोबर झाडे लावण्यावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९८८ पासून आहे, आणि बांधावरची झाडे हा आमच्याकडे घरोघरचा विषय आहे.

आता मशीन. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीवर दोन समांतर रूळ, मध्ये ओंडका शिकंजात घट्ट आवळलेला. रुळांवर चार चाकांचा एक गाडा. गाड्यावर दोन उभे खांब, आणि त्या खांबांवर वर-खाली सरकणारे ‘डोके’. डोक्यात एकोणीस इंच व्यासाची दोन चाके असतात आणि त्यांच्यावर दात असलेली पोलादी पट्टी सायकलच्या चेनसारखी फिरते. गाडा हाताने ढकलत नेला की पट्टी ओंडक्यातून जाते आणि वरची फळी सुटी होते. मग डोके एका इंचाने खाली घ्यायचे आणि पुन्हा ढकलायचे. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, इंजिन डोक्यावरच बसलेले असते. म्हणजे ते गाड्याबरोबर पुढे-मागे जाते आणि डोक्याबरोबर वर-खालीही जाते.

जुने इंजिन पेट्रोलचे, १३ अश्वशक्तीचे, वजन ३१ किलो. ते थकले होते. क्रँक झिजला होता, आणि पेट्रोल तासाला तीन लिटरच्या पुढे गेले होते. काकांना पावसाआधी चौकटींची एक मोठी ऑर्डर पुरी करायची होती. झाशीत जूनच्या शेवटी पाऊस येतो आणि मग वखारीतली जमीन मऊ होते, रूळ खचतात. त्यांनी एक जुने डिझेल इंजिन आणले होते, १० अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, मिनिटाला १५०० फेरे. पाटीवरची अक्षरे निम्मी झिजलेली, पण फ्लायव्हील फिरवून पाहिले तर कॉम्प्रेशन खणखणीत. भंगारवाल्याच्या काट्यावर ते चढवले तेव्हा काटा १९६ किलोवर थांबला.

मिस्त्री आमच्या ओळखीचे, बडा बाजारात त्यांचे लहानसे दुकान आहे. पिठाच्या चक्क्या, उसाचे चरक, विहिरीवरचे पंप, सगळे दुरुस्त करतात. त्यांची पहिली सूचना याहूनही जड होती. ते म्हणाले, लिस्टर बसवा. लिस्टर म्हणजे खेड्यातल्या चक्कीवर टुक-टुक करत चालणारे, दोन मोठ्या चाकांचे संथ इंजिन. मूळचे ते इंग्लंडमधल्या डर्सली गावचे, सहा अश्वशक्तीला मिनिटाला ६५० फेरे. आपल्याकडे त्याच्या नकला राजकोटला इतक्या बनल्या की बुंदेलखंडात अनेकांना ते गुजरातीच इंजिन वाटते. ते कधी मरत नाही म्हणतात. पण त्याचे वजन तीनशे किलोच्या वर, आणि त्याला मातीत पुरलेला पाया लागतो. फिरत्या मशीनवर ते बसवणे म्हणजे हत्तीला झोपाळ्यावर बसवण्यासारखे. काकांनी ती सूचना हसण्यावारी नेली आणि दहाचे इंजिन ठरले.

मग आजोबा आले.

आमचे आजोबा झाशीच्या रेल्वे वॅगन कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांना घरात फार कोणी प्रश्न विचारत नाही, कारण उत्तरादाखल ते प्रश्नच विचारतात. किल्ल्यात पाहुण्यांना ‘कडक बिजली’ तोफ दाखवायला नेतात आणि म्हणतात, तोफेचे नाव सगळ्यांना पाठ आहे. ती ज्या गाड्यावर चढवत त्या गाड्याचे नाव सांगा. पाहुणे गप्प होतात. वखारीत त्यांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. मला जवळ बोलावून म्हणाले, “बोट ठेव. हे वजन जमिनीपर्यंत कसे जाते ते दाखव.”

मी बोट ठेवत गेलो. इंजिनाच्या चार बोल्टांपासून खालच्या पाट्यावर. पाट्यापासून डोक्याच्या चौकटीवर. चौकटीपासून तारेच्या दोरावर, कारण डोके दोराने टांगलेले आहे. दोरापासून विंचवर, विंचपासून खांबावर, खांबापासून गाड्यावर, गाड्यापासून चाकांच्या बेअरिंगवर, चाकांपासून रुळावर, रुळापासून लाकडी स्लीपरवर, आणि स्लीपरपासून मातीत. आजोबा म्हणाले, “किती ठिकाणी बोट टेकवलेस?” मी मोजले, दहा. “यातली जी जागा सगळ्यांत कच्ची, तेवढेच तुझे मशीन पक्के. वॅगनमध्येही असेच असते. माल भरणारा वरून बघतो, आम्ही खालून बघायचो.”

काकांना हे वेळखाऊ वाटत होते आणि ते त्यांनी स्पष्ट बोलूनही दाखवले. त्यांच्या मते प्रश्न ताकदीचा होता. तेराच्या जागी दहा घोडे पुरतील का? मिस्त्री म्हणाले, पुरून उरतील, डिझेलचा जोर वेगळा. यावर वखारीत जी चर्चा झाली ती आमच्या भौतिकशास्त्राच्या तासाला शोभली असती. मी हिशेब केला. १३ अश्वशक्ती आणि ३६०० फेऱ्यांना बल आघूर्ण येते सुमारे २६ न्यूटन-मीटर. १० अश्वशक्ती आणि १५०० फेऱ्यांना येते सुमारे ४७. म्हणजे मिस्त्रींचा ‘जोर’ खरा होता, जवळजवळ दुप्पट. पण पट्टीच्या चाकाला तर दोन्ही इंजिनांनी सारख्याच वेगाने फिरवायचे आहे. पुलीने वेग वाढवला की जोर त्याच प्रमाणात कमी होतो. पुली घोडे जन्माला घालत नाही. पट्टीपाशी पोचल्यावर तेराचे तेरा आणि दहाचे दहाच.

तरीही मिस्त्री चुकले नव्हते, आणि ते का हे आजोबांनी सांगितले. लहान पेट्रोल इंजिनावर छापलेला आकडा हा त्याच्या कमाल शक्तीचा असतो. दिवसभर राबवायचे तर त्याच्या पाऊणपट धरावा. आपल्याकडच्या संथ डिझेल इंजिनावरचा आकडा मात्र तासन् तास चालवायचा असतो. म्हणजे तेराचे पावणेदहा आणि दहाचे दहा. वर त्याच्या जड फ्लायव्हीलमुळे पट्टी गाठीत शिरली तरी वेग पटकन पडत नाही. ताकदीचा प्रश्न तिथेच मिटला. राहिला वजनाचा.

पुलीचा हिशेब सरळ होता, तरी आकडे देतो, कारण बारावीतल्या एकाने मला पैज लावून विचारले होते. पट्टीच्या चाकाची पुली १६ इंची, जुन्या इंजिनाची साडेचार इंची. ३६०० फेऱ्यांना चाक मिनिटाला सुमारे १०१० वेळा फिरे आणि पट्टी सेकंदाला पंचवीस-साडेपंचवीस मीटर धावे. तीच पुली नव्या इंजिनावर लावली असती तर पट्टी अकरा मीटरच्याही खाली आली असती, आणि मग ती कापत नाही, नुसती घासते. दहा इंची पुली लावली तर चाक ९३७ फेरे घेते आणि पट्टी २३.७ मीटरने धावते. कठीण शिसवाला उलट तेच बरे. ओतीव लोखंडाची ती दोन खाचांची पुली नऊ किलोची निघाली. काटा पुन्हा थोडा सरकला.

फिरण्याच्या दिशेत एक फसवी जागा होती. इंधनपंप आणि हँडल खांबाला आपटत होते, म्हणून मिस्त्रींना इंजिन तोंड फिरवून बसवायचे होते. तसे केले असते तर पट्टी उलटी धावली असती. पट्टी ओंडक्याला ज्या बाजूला ओढते त्या बाजूला त्याला अडवणारे खुंट असतात. उलट धावली तर ती ओंडका खुंटांपासून दूर, शिकंजावर ढकलणार. शिवाय दात उलटे पडणार ते वेगळेच. इथे मला आमच्या वाचनालयातले एक पुस्तक आठवले. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाला मर्लिन इंजिनाच्या जागी मोठे आणि जड ग्रिफन इंजिन बसवले. ग्रिफन उलट्या दिशेने फिरे. मर्लिनचे विमान धावपट्टीवर डावीकडे ओढ घेई, ग्रिफनचे उजवीकडे. वर्षानुवर्षे एका पायाने रडर दाबायची सवय झालेल्या वैमानिकांना दुसरा पाय वापरायला शिकावे लागले. आपल्या हवाई दलाकडेही पुढे ग्रिफनवाली स्पिटफायर होती. मी हे वखारीत सांगितले तेव्हा मिस्त्रींनी शांतपणे हँडल काढून ठेवले आणि इंजिन जुन्याच दिशेला तोंड करून बसवले. हँडल मारायची जागा दुसरीकडून काढली. त्यात दीड दिवस गेला.

उन्हाचे सांगायलाच नको. झाशीचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीला भिडलेला. आम्ही पहाटे पाचला सुरू करायचो आणि दहाला पाने खाली ठेवायचो, कारण त्यानंतर पाना हातात धरवत नसे.

काकांची एक कल्पना खरोखर चांगली होती. इंजिन डोक्यावर नकोच, खालच्या गाड्यावर ठेवू, म्हणजे ते वर-खाली होणार नाही. आजोबांनी भुशावर बोटाने आकृती काढली. डोके वर गेले की दोन पुल्यांमधले अंतर वाढणार, खाली आले की कमी होणार. बेल्ट एकदा तुटेल इतका ताणला जाणार, एकदा ढिला पडणार. मधे आणखी एक शाफ्ट आणि दोन हलते हात घातले तर जमते, पण मग झिजणाऱ्या जागाही दुपटीने वाढतात. ती आकृती दोन दिवस भुशात तशीच होती. मग कोणीतरी झाडू मारला.

तर इंजिन डोक्यावरच चढले. खाली जाड चॅनलचा नवा पाटा वेल्ड केला. इंजिन जितके आत सरकवता येईल तितके सरकवले, अकरा सेंटिमीटर मिळाले. डिझेलची टाकी इंजिनावरून काढून दुसऱ्या टोकाला नेली. दहा लिटर डिझेल म्हणजे आठ किलोंहून अधिक, ते विरुद्ध बाजूला गेले तर तेवढाच तोल. पूर्वी डोके इंजिनासकट १७१ किलो होते, आता ३६६ झाले. दुपटीहून जास्त.

चढवल्यावर सुरू करायचे नाही, असा आजोबांचा हुकूम होता. आधी मोजायचे. ओळंबा आणि पट्टी घेऊन मी दोन्ही टोकांना पट्टीची उंची मोजली. इंजिनाच्या बाजूला डोके नऊ मिलिमीटर खाली झुकले होते, साठ सेंटिमीटरच्या रुंदीत. म्हणजे एक इंची फळी एका कडेला एक इंच आणि दुसऱ्या कडेला जेमतेम पाऊण इंचाखाली. मिस्त्री म्हणाले, पट्टीच्या चाकाचा स्क्रू फिरवून तेवढी तिरकी करून घेऊ, हिशेब बरोबर. आजोबा नाही म्हणाले. कारण तो झुकाव एकसारखा नव्हता. डोके खाली असताना पाच, मध्यावर सात, वर असताना नऊ मिलिमीटर. एका उंचीला बरोबर केले की दुसऱ्या उंचीला चुकणार. “रोग खांबात आहे आणि औषध पट्टीला देताय,” एवढेच म्हणून ते पाणी प्यायला गेले.

खांबांना मागून तिरके टेकू दिले, खांबांवर सरकणाऱ्या बाह्या लांब केल्या आणि इंजिनाच्या बाजूची बाही तर दुप्पट. पुन्हा मोजले. वर दोन मिलिमीटर, खाली एक. हे चालण्यासारखे होते. इंजिनाकडच्या दोन चाकांची बेअरिंग मोठी घातली. रुळांखाली जिथे दोन स्लीपरांत लांब अंतर होते तिथे मधोमध एकेक स्लीपर वाढवला.

आता तार आणि विंच. सहा मिलिमीटरचा पोलादी दोर नवा असेल तर दोन टनांच्या आसपास तुटतो. काकांनी तो नवाच घातला होता. त्यामुळे सगळे निर्धास्त होते. मात्र विंच जुनीच होती, जुन्या ३१ किलोच्या इंजिनाबरोबर आलेली. तिच्यात दातेरी चक्र आणि त्यात अडकणारा एक खटका, एवढ्यावर सगळे डोके टांगलेले.

आजोबांनी वाळूची चार पोती मागवली, प्रत्येकी चाळीस किलोची. ती डोक्यावर बांधली. एकूण ५२६ किलो, रोजच्या ओझ्याच्या दीडपटीला जरा कमी. डोके अर्ध्या उंचीवर नेले, त्याच्याखाली दोन इंच जागा सोडून बाभळीचे ठोकळे रचले, आणि सगळ्यांना घरी जायला सांगितले. काका खरेच चिडले. ऑर्डरला सोळा दिवस राहिले होते आणि मशीन रात्रभर नुसती टांगून ठेवायची! “चालवून बघू की,” ते म्हणाले. आजोबांनी वखारीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. रात्री घरी जेवताना दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. आजी वाढत राहिली.

सकाळी दार उघडले तर डोके ठोकळ्यांवर बसलेले होते. खटक्याचे टोक तुटून जमिनीवर पडले होते, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. तुटलेल्या जागी निम्मा भाग काळपट होता आणि निम्मा चकचकीत. काळपट म्हणजे जुनी चीर, तेल-भुसा शिरून काळी पडलेली. चकचकीत म्हणजे त्या रात्री तुटलेला. किती दिवस तो निम्म्यावर चालला होता कोण जाणे.

वखारीत एक जुने कारागीर आहेत, काकांच्याही आधीपासूनचे. दर थोड्या वेळाने मशीन थांबवून पट्टीखालचा ओला भुसा हाताने खरवडून काढायचे काम त्यांचे. त्यासाठी ते डोक्याखाली कोपरापर्यंत हात घालतात. त्यांनी तो तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला, आणि आपला हात रोज कुठे असतो ते दाखवले. कोणी काही बोलले नाही. काकांनी तो तुकडा त्यांच्याकडून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. त्याच दुपारी, भर उन्हात, ते स्वतः बडा बाजारात नवी विंच शोधायला निघाले. मी बरोबर होतो.

दुसऱ्या विंच दाखवणारे पुष्कळ होते. काकांना हवी होती वर्मगियरची, म्हणजे मळसूत्रासारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणारी. तिच्यात खटकाच नसतो. हँडल फिरवले तरच ओझे हलते, सोडून दिले तर आहे तिथेच राहते, कारण चाक दांड्याला उलटे फिरवू शकत नाही. तोटा एवढाच की ती फार संथ. पूर्वी दोन झटक्यांत जे डोके वर जाई त्याला आता हँडल गरगरा फिरवत बसावे लागते. तिसऱ्या दुकानात मिळाली. शिवाय मिस्त्रींनी खांबांना दर दोन इंचांवर भोके पाडली आणि साखळीला बांधलेल्या दोन जाड पिना केल्या. भुसा काढण्याआधी पिना घालायच्या, मग हात. पोती पुन्हा चढली, पुन्हा एक रात्र गेली. या वेळी किल्ली काकांनीच आजोबांच्या हाती दिली. सकाळी डोके जिथल्या तिथे होते.

मशीन सुरू केली तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. पहिला ओंडका कडुनिंबाचा. आवाज जड, पण पट्टी सरळ गेली. तरी आनंद अर्धाच टिकला. ओंडक्याच्या वरच्या फळ्यांवर बारीक लाटा उठल्या होत्या, पत्र्यावर असतात तशा. खालच्या फळ्या मात्र गुळगुळीत. म्हणजे डोके वर असतानाच काहीतरी थरथरत होते.

याचे कारण शोधणे हा माझ्या सुट्टीतला सर्वांत मजेचा भाग. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. १५०० फेऱ्यांना मिनिटाला ७५० स्फोट, सेकंदाला साडेबारा. जुन्या इंजिनाचे सेकंदाला तीस होते. म्हणजे नवे इंजिन मशीनला कमी वेळा पण जोराने धक्के देत होते. आजोबांनी इंजिन बंद ठेवून खांबाला लाकडी हातोड्याने एक टोला दिला आणि मला खांबाच्या टोकाचा मोबाइलवर संथ चित्रफितीचा व्हिडिओ घ्यायला सांगितले. त्यात हेलकावे मोजता आले. डोके खाली असताना खांब सेकंदाला एकवीस वेळा झुलत होता. डोके वर असताना तेरा वेळा. तेरा आणि साडेबारा! इंजिन खांबाला त्याच्याच तालात ढकलत होते.

आपण संचलन करताना पूल आला की पावले मोडून चालायचे असते, हे आपल्याला पहिल्याच वर्षी सांगतात. १८३१ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटनचा झुलता पूल सैनिक एका तालात चालत गेले म्हणून कोसळला, तेव्हापासूनची ही शिस्त. इंजिनाला पावले मोडायला सांगता येत नाही. तेव्हा पूलच बदलायचा. दोन खांबांच्या वरच्या टोकांना जोडणारी एक आडवी नळी आणि मागे फुलीच्या आकाराचे दोन पट्टे वेल्ड केले. पुन्हा टोला, पुन्हा व्हिडिओ, वरच्या स्थितीत एकोणीस. लाटा गेल्या. मिस्त्रींनी सगळ्या बोल्टांना दुसरी नट चढवली, कारण असल्या धक्क्यांत एकटी नट महिनाभरही जागेवर राहत नाही.

शेवटचे काम भुशाचे होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंख्याला भुसा ओढायला फार आवडतो, आणि सिलिंडरच्या फटी भरल्या की इंजिन तापून बसते. पंख्यापुढे बारीक जाळी लावली आणि हवा घेणारी नळी डोक्याच्या वर चार फूट नेली. दर दोन तासांनी जाळी झाडायची, ते काम मी परत येईपर्यंत माझ्याकडे होते.

डिझेल तासाला दोन लिटरच्या आतच लागते, हे काकांच्या वहीतले आकडे. चौकटींची ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली. गिऱ्हाईक रागावले, पण पुन्हा आले. जुने पेट्रोल इंजिन मिस्त्रींनी नेले, त्याचा कार्ब्युरेटर कुठल्याशा फवारणीच्या पंपाला लागला म्हणे.

मी परत यायला निघालो त्या दिवशी स्टेशनवर आजोबा सोडायला आले होते. गाडीला वेळ होता. शेजारच्या रुळावर मालगाडी उभी होती, आणि ते वाकून एका वॅगनच्या खाली बघत होते.